पाच करडं, चार फडकी

मानोरा गावाजवळ आया कापूस वेचायला गेल्या की आम्ही तीन-चार वर्षांची पोरं शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एका बकऱ्यावाल्या बाईजवळ असायचो. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. थंडीनं काकडणाऱ्या करडांना फडकी बांधताना ती आम्हाला मोजायला लावी. "एका करडाले एकच फडकं, बरं!"

एकदा पाच करडांना चारच फडकी निघाली. पाचवं थरथरत होतं. मी माझी कुंची काढून त्याच्यावर घातली. "झाले पाच!"

"मंग आता उघडं कोन राह्यलं?"

मी पुन्हा करडंच मोजली. "कोनीच नाही."

"अन् सोताले कोन मोजन, येडे?" हसत तिनं मला पदराखाली ओढलं.

पुढे मी पदवीधर झाले, पण पहिली बेरीज तिची. त्या दिवशी पदरातून मान काढून मी ओरडले, "सहा!"