‘मले’ टिकेना

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, आणि ज्या एडिटरमध्ये लिहितो त्याचा मला भारी गर्व होता. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा साधा प्रोग्रॅम, पण माझा दहा वर्षं नटवलेला. रंगीत अक्षरं, चुकलं की लाल रेघ, कोपऱ्यात हवामान. कंपनी पुण्यात आणि मी बाभुळगावात घरून काम करणारा, त्यामुळे हवामानही पुण्याचंच दिसायचं.

आई अंगणवाडी सेविका. तीस वर्षांनी ती निवृत्त होत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बायांनी निरोप समारंभ ठेवला होता. तिला भाषण वाचायचं होतं. मागे एकदा तालुक्याच्या सभेत कोणीतरी लिहून दिलेलं शुद्ध भाषण वाचताना ती अडखळली आणि अर्ध्यातच खाली बसली होती. ते तिला अजून सलत होतं. म्हणून या वेळी माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाली, "मी जसं बोलतो तसंच लिही बापा. एक अक्षर इकडचं तिकडं नाई पायजे."

तिने सांगितलं, "मले या गावानं तीस वर्सं सांभाळलं." मी लिहिलं, सेव्ह केलं. आई चष्मा सावरून वाकली.

"हे ‘मला’ म्या कवा म्हटलं?"

खरंच ‘मला’ झालं होतं. मी दुरुस्त केलं, सेव्ह केलं, पुन्हा ‘मला’. पुढच्या वाक्यात तर कहरच झाला. ‘पोरं जमले का अंगणवाडी भरे’ याचं झालं ‘पोरं जमला का’. दारातले गमले, म्हणजे कुंड्या, होत्या त्यांचा ‘गमला’ झाला. जिथे जिथे ‘मले’ ही दोन अक्षरं येत होती तिथे कोणीतरी ती ‘मला’ करून ठेवत होतं.

मी कीबोर्डला शिव्या घातल्या, मग फॉन्टला, मग कालच्या अपडेटला.

"काहून चिडून राह्यला?" आई म्हणाली. "वहीत लिहून दे न."

माझं अक्षर मलाच लागत नाही, तिला काय लागणार. शिवाय आता प्रश्न माझ्या इभ्रतीचा झाला होता. मी दात ओठ खात अजून दोनदा सेव्ह करून पाहिलं. ती जरा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "पोराचं पोट बिघडलं तं आपण काय करतो? सगळं बंद. नुसता भात न वरणाचं पाणी. पोट थाऱ्यावर आलं का मंग एक एक चीज चालू."

हे मी ऑफिसातल्या नव्या पोरांना शिकवतो. तेच आईने मला शिकवावं, याचा थोडा राग आला. पण गुपचूप एडिटर बंद केला आणि सगळ्या सजावटीविना उघडला. पांढरा पडदा, काळी अक्षरं, बस्स. पुण्याचं हवामानही गेलं. मी ‘मले’ लिहिलं, सेव्ह केलं. ते ‘मले’च राहिलं.

"टिकलं!" मी ओरडलो. आईला यात ओरडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण तीही हसली.

मग एडिटरला जोडलेल्या जादा सोयी परत चालू करायला घेतल्या. आधी अर्ध्या, मग उरलेल्या अर्ध्या. एकीनेही ‘मले’ला हात लावला नाही. राहिली फक्त माझी स्वतःची सेटिंगची फाईल, एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर नकलून आणलेली. तिचेही अर्धे-अर्धे भाग बंद करत गेलो आणि शेवटी सहा ओळींशी येऊन थांबलो. सेव्ह करताना मले दिसलं की मला कर, तुले दिसलं की तुला कर. वर मीच टीप लिहिली होती: ‘काढू नको. परत हसतील.’

मग आठवलं. पुण्यातली पहिली नोकरी, साहेबांना पाठवलेल्या पत्रात ‘मले सुट्टी पाहिजे’, आणि दुपारभर सगळ्या टेबलांवरून फिरलेलं हसू. त्याच दिवशी या सहा ओळी लिहिल्या होत्या. नंतर मी तसं कधी लिहिलंच नाही, म्हणून त्या आहेत हेही विसरलो.

"सापडला का चोर?" आईने विचारलं.

"मीच," मी म्हणालो, आणि टीप वाचून दाखवली. मला मनापासून लाज वाटत होती. आई चिडेल असं वाटलं होतं, तर ती म्हणाली, "हासले तं हासले. सुट्टी देली का नाई?"

दिली होती. मी ओळी पुसल्या, सगळं भाषण लिहून सेव्ह केलं. प्रत्येक ‘मले’ जागच्या जागी.

"आता वाच बरं," आई डोळे मिटून बसली. "आयकू कसं वाटते ते."

मी घसा साफ केला आणि वाचलं, "मला या गावानं तीस वर्सं..."

आईने डोळे उघडले. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काम्पुटरवर तं ‘मले’च हाये," ती म्हणाली. "सरक तिकडं. मी वाचतो."