शिमग्याआधी भरलेले फॉर्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गाईडला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. आधीच जीव थाऱ्यावर नाही.

पीएचडीसाठी मी जव्हार-मोखाड्यात लहान बाळांच्या आयांना प्रश्न विचारून फॉर्म भरत होते. एका संस्थेची ताई घरोघरी जाऊन बाळाच्या खाण्याबद्दल सल्ला द्यायची. त्या सल्ल्याने शेतीवाल्या घरांत जेवढा फरक पडतो, तेवढाच मजुरांच्या घरांत पडतो का? दोन गट, आकडेमोडीचं मॉडेल एकच. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

शेतीवाल्या पाड्यांवर आया भेटल्या. मजुरांच्या वस्तीत गेले, तर निम्मी दारं बंद. दिवाळी झाली की ही माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात — एवढंही मला माहीत असू नये? माझ्यासोबत फिरणाऱ्या सुमनबाई त्याच वस्तीतल्या. म्हणाल्या, "मॅडम, बाया भट्टीवर गेल्यात. शिमग्याला येतील, तवा पुसा."

शिमगा! मला महिन्याभरात आकडे हवे होते. मग काय — मागे राहिलेल्या सासवांना ओट्यावर बसवलं आणि सुनांच्या नावाने उत्तरं लिहून घेतली. त्या बिचाऱ्या सगळ्यालाच हो म्हणत होत्या.

गटांची तुलना करण्याआधी एक तपासणी करावी लागते — दोन्हीकडे प्रश्नांचा अर्थ सारखाच लागतोय का, याची. माझी तपासणी सपशेल फसली. फसणारच! एकीकडे आई बोलतेय, दुसरीकडे आजी. आणि मी — मी त्या तपासणीचं पानच प्रबंधातून काढून टाकलं. लिहिलं काय, तर मजुरांच्या घरांत सल्ल्याचा परिणाम होत नाही.

प्रबंध कोण वाचतंय, असं वाटलं होतं. संस्थेने वाचला. त्या वस्तीतल्या ताईच्या भेटी बंद केल्या.

पुढच्या शिमग्याला सुमनबाईंनी घरी बोलावलं. नुकतीच भट्टीवरून आलेली एक आई कडेवर बाळ घेऊन समोर आली. बाळाचे पाय नुसत्या काटक्या. "मॅडम, ताई आता आमच्याकं का येत नाय?"

सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. ओट्यावर कुणाची उत्तरं कुणाच्या नावाने लिहिली, ते त्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, "वरून बंद झालंय."

वर कोण होतं? मीच ना! मेली लाज कशी वाटली नाही मला?

ते पान अजून माझ्या कपाटात आहे. नावाआधी मी डॉक्टर लावते. वस्तीत ताई अजून जात नाही.