वाचती झालेली मुलगी

आमच्या मंडळाची आठवण निघाली की लोक मला म्हणतात, केवढं काम केलंत हो तुम्ही त्या काळात! मी विषय बदलते. काम केलं हे खोटं नाही. टेंभी नाक्याजवळ एका वकिलांच्या दिवाणखान्यात दर रविवारी आम्ही जमायचो. दोन-तीन मास्तर, कचेरीतले कारकून, त्यांच्या बायका, आणि मॅट्रिक झालेली पण लग्न न ठरलेली, म्हणून घरच्यांनी नाइलाजाने मोकळी सोडलेली मी. स्वातंत्र्य नवंकोरं होतं. गावच्या विहिरी उपसायच्या, देवीची लस टोचायला माणसं गोळा करायची, असली कामंही आम्ही करायचो, पण सगळ्यांचा जीव होता तो मुलांच्या वर्गांत. चार-पाच वर्षांत आसपासची गावं वाचायला लावू, असं आम्ही अगदी गंभीरपणे बोलायचो. आता हसू येतं, आणि लगेच येईनासं होतं.

माझ्याकडे माजिवडा होता. तेव्हा ते गावच होतं, भाताची खाचरं आणि पलीकडे खाडीच्या अंगाला मिठागरं. देवळात आठवड्यातून चार दुपारी मी वर्ग घ्यायचे. मुलं यायची तशी गळायचीही. मिठाचा हंगाम सुरू झाला की निम्मी आईबापांबरोबर मिठागरात. नेमाने यायची ती एक नऊ-दहा वर्षांची मुलगी. आवाज खणखणीत, डोळे कसे लख्ख. तिच्या बापाचं इथल्या मिठागराच्या मालकाशी बिनसलेलं, म्हणून तो दिवाळीनंतर उरणकडच्या मिठागरावर जायचा. मी बाबांना पत्र लिहिणार, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मंडळाची एक रीत होती. संक्रांतीला गावात मेळावा भरवायचा, पाहुणे बोलवायचे, आणि तयार झालेल्या मुलाने सगळ्यांसमोर पुस्तकातलं एक पान वाचायचं. मग अध्यक्ष त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून मोठ्याने सांगायचे, "हे मूल आजपासून वाचतं झालं." वर मंडळाच्या शिक्क्याचा दाखलाही मिळायचा. दाखला मिळाला की त्या मुलाने वर्गातली जागा दुसऱ्याला द्यायची. पाट्या थोड्या होत्या, बसायला जागा थोडी होती. तेव्हा ही रीत मला फार शहाणपणाची वाटायची.

त्या वर्षी माझ्या वर्गातलं एकही मूल तयार नव्हतं. म्हणून मी त्या मुलीला धरलं. एकच पान रोज वाचून दाखवायचं, ओळीवरून तिचं बोट फिरवायचं आणि म्हणवून घ्यायचं. पंधरा दिवसांत ती ते पान धडाधडा म्हणू लागली. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी सहज पुढचं पान उघडलं. तिने बोट ठेवलं. दोन-चार अक्षरं लावली, बाकी काही नाही. मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आता पाहुण्यांसमोर कुठे नाचक्की करून घ्यायची? येईल हळूहळू." त्यांच्यावर ढकलून मी सुटणार नाही. मला तेच ऐकायचं होतं. माझ्या वर्गाचं नाव मेळाव्यात निघायला हवं होतं.

तिने झकास वाचलं. टाळ्या पडल्या, तिची आई पदराने डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवसापासून तिची पाटी दुसऱ्या मुलीला मिळाली.

फेब्रुवारी संपत आला असेल. एका दुपारी वर्ग चालू असताना तिची आई देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली, हातात पोस्टकार्ड. मागे ती.

"बाय, घरवाल्याची चिठी आयलीय. बरा हाय, शिमग्याला येतंय. पोरीनी वाचली. तिला लिवता नाय येत, शिमगा जवल आला, जवाब तेवरा लिवून दे."

पत्ता पाहायला म्हणून मी कार्ड हातात घेतलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं होतं. ताप उतरत नाही. दवाखान्यात ठेवलं आहे. पत्र मिळताच निघा आणि पोरीला आणा, तिला बघायचं आहे. ती वाचती झाली असं इथे गावच्या माणसाने सांगितलं, म्हणून पत्र तिच्याच नावाने घालतो. वर अठरा दिवसांपूर्वीची तारीख.

आजवर बापाची पत्रं टपालवाला वाचून दाखवायचा, हे मला मग कळलं. या खेपेला, दोन आठवड्यांपूर्वी कार्ड आलं तेव्हा, शेजारीपाजारी जमले आणि म्हणाले, आता घरात वाचणारी आहे की. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. दाखला मिळालेली पोर, ती कशी म्हणणार मला येत नाही? तिने कार्ड समोर धरलं, बोट फिरवलं आणि आईला ऐकायला आवडेल ते म्हणून दाखवलं.

मी पत्र होतं तसं वाचलं. आई पायरीवर बसली. मग मुलीला म्हणाली, "तू तं बोललीस, शिमग्याला येतंय म्हनून."

मुलगी आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी बोलेन अशी तिची खात्री होती. तिला वाचता येत नाही हे तिथे आम्हा दोघींनाच तर ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "लहान आहे हो ती. चुकली असेल वाचताना."

त्या एका वाक्याची लाज मला अजून आहे. बाकी सगळं कदाचित माझ्या मूर्खपणात जमा होईल, ते वाक्य नाही होणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या निघाल्या. तिथे पोचल्या तेव्हा त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते. बरोबरच्या मिठागरवाल्यांनी सगळं उरकलं होतं.

मी त्यांच्या घरी गेले ती पंधरा दिवसांनी. एवढे दिवस पाय उचलला नाही. आईसमोर बसून मी सगळं सांगितलं, पुढचं पान उघडल्याचंसुद्धा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मुलीकडे बघितलं. मुलगी भिंतीशी तांदूळ निवडत होती. मी तिला म्हणाले, मंडळाची रीत गेली खड्ड्यात, मी रोज इथे घरी येते, तुला खरंखुरं वाचायला शिकवते.

सुपातून नजर वर न करता ती म्हणाली, "आता कोनाची चिठी येवाची हाय, बाय?"