आटलेला सड

जर्सीआत्या गाय दाखवायची ती कासेच्या आटलेल्या सडापासून. दुधाची चरवी नंतर. बघायला आलेली बाई वाकली, की आत्या म्हणायची, "हितं माझी चूक हाय. नीट बघ."

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आत्या शेजारी एकटी राहायची. बहात्तरच्या दुष्काळाच्या तीन वर्षं आधी जनावरांच्या दवाखान्याचा माणूस सायकलवर आला. थर्मासात बर्फावर ठेवलेलं जर्सी वळूचं वीर्य घालून त्यानं तिची गावठी गाय भरवली. बाकी कुणी आपली गाय पुढं केली नव्हती. कालवड झाली, तिला वशिंड नव्हतं. पारावरचे तात्या म्हणाले, "आत्या, हिच्या खोंडाच्या मानंवर जू कुठं टिकायचं?"

"तुमच्या मानंवर टिकंल. मला दूध पायजे, नांगर न्हाई."

दुष्काळात आत्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. कालवड जनावरांच्या छावणीत होती. व्यायला झाली तशी घरी आणली, आणि व्याल्यावर पहिल्याच आठवड्यात चरवी भरली. गावठी गाईचं तांब्याभर दूध पाहिलेली माणसं चरवी बघायला गोठ्याच्या दारात जमली. त्याच सुमारास सरकारी शीतकरण केंद्राची गाडी दूध विकत घ्यायला फाट्यावर येऊ लागली. आत्याची खडी सुटली.

गावची रीत अशी, की दोन सड घराला, दोन वासराला. आत्यानं ती पाळली. पण हे दूध वासराला संपेना. कास दगडासारखी झाली, धारेत रक्त आलं. पारनेरचे डॉक्टर म्हणाले, "चारी सड पिळून मोकळे करा. वासराला भांड्यानं पाजा."

"वासराच्या तोंडचं काढू व्हय, सायेब?"

"गाय गेली तर त्याला कोण पाजील?"

गाय गेली असती तर पुन्हा खडी होती. आत्या कासेशी बसली. शेकायची, थोडं थोडं पिळायची, गाईच्या लाथा खायची. वासराच्या तोंडात दुधात बुडवलेली बोटं देऊन त्याला बादलीची सवय लावली. तीन सड वाचले, चौथा आटला. काष्टीच्या गुरांच्या बाजारातला दलाल तरीही चांगली किंमत देत होता. तिनं गाय दिली नाही.

पुढं घरोघर अशा गाई आल्या. पहिलटकरीण गाय व्याली, की आत्या न बोलावता जायची. एका सासूनं सुनावलं, "आमच्यात वासराला दोन सड सोडत्यात."

"आमच्यातबी सोडत्यात. आधी माझ्या गोठ्यात चल, मग सोड."

दूध कासेत तुंबून गावात दुसऱ्या गाईचा सड गेल्याचं मला आठवत नाही. खडीच्या कामावर जाणाऱ्या बायाही कमी होत गेल्या.

आत्या गेली ती संध्याकाळी, धारांच्या वेळेला. बाया दारात उशिरा जमल्या. आपापल्या गाईंचे चारी सड मोकळे करून आल्या होत्या. काहींच्या हाताला अजून दूध होतं. उशीर झाला म्हणून त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.