तळव्याचं तेल

टाकीत चिमुकला सूर्य पेटवून वीज करायची, तर आधी आतली हवा पार उपसावी लागते. त्या टाकीतली फट हुडकण्यात गळतीमामांची सव्वीस वर्षं गेली होती. उद्याची चाचणी फसली, तर प्रयोगशाळेला टाळंच लागणार होतं.

तीन दिवस पंप चालूनही दाबाचा काटा पुरेसा उतरेना.

“मामा, नाक चोंदलंय की काय तुमचं?” प्रमुख बाईंनी विचारलं.

“गळती नाही, बाई. झाकण लावताना हातमोजा काढून आतून हात फिरवला मी. लेकराला कुरवाळावं तसा. तळव्याचं तेल आत राहिलं, त्याचीच वाफ सुटतेय.”

“तुम्ही? उघडा हात दिसला की अंगावर धावून जाणारे तुम्ही?”

टाकी उघडून पुसायला आठवडा लागला असता. बाईंनी पंप बंद केले. मामा मात्र पंपांची घरघर अजून ऐकू येत असल्यासारखे कान देऊन तिथंच उभे राहिले.