देवी झोपते तेवढा रस्ता

आमच्या रस्त्यावरून वर्षातून एकदा देवीचा रथ जातो. गावाच्या या टोकाच्या देवळातून निघायचं आणि त्या टोकाला थोरल्या बहिणीच्या देवळात पोचायचं, एवढाच तिचा प्रवास. ढोल-झांजांनी कान किटतात. पण रंगाऱ्याच्या घरापाशी रथ आला की कुणीतरी कळ दाबावी तसं सगळं गप्प होतं. तिथून वळणापर्यंत देवी झोपलेली असते.

गोष्ट अशी सांगतात. एका वर्षी गावात तापाची साथ आली. देवी घरोघर फिरली, पोरांच्या उशाशी बसली, पदरानं वारा घालत राहिली. बहिणीकडे जायचा दिवस उजाडला तेव्हा अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या माणसांनीच तिचा रथ ओढला. रंगाऱ्याच्या घरासमोर एका धुणेवालीनं वर पाहिलं, तर देवीची मान कलंडलेली. ती बाई ढोलांसमोर हात वर करून उभी राहिली. म्हणाली, "किती दिवसांची जागी आहे बिचारी. झोपू द्या की."

तेव्हापासून रथापुढे हात वर करून चालायचा मान तिच्या घराकडे आहे. सासूनं सुनेला द्यायचा, असा. तो आमच्या इमारतीखाली इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या मावशींपर्यंत आला.

तेवढ्या वेळात आमचा रस्ता कसा होतो ते सांगून पटायचं नाही. तान्ह्यांना आधीच पाजून घेतात. बायका पैंजण काढून कनवटीला लावतात. गॅसवरचा कुकर उतरवतात, फोन बंद करतात. गच्चीतून पाकळ्या पडतात, कारण पाकळ्यांचा आवाज होत नाही. माणसं इतकी हळू चालतात की पाण्याखालून चालल्यासारखी वाटतात. फक्त चाकं कुरकुरतात. मुलं म्हणतात, देवी घोरतेय.

आवाज करायचा नाही म्हणून सगळं हाताच्या खुणांवर चालतं. मावशींचा मुलगा गॅरेजमध्ये वेल्डिंग करतो, चांगला आडदांड आहे. रथ आवरायला चाकाखाली लाकडाची पाचर सारायचं काम त्याचं. तो चाकाशी वाकलेला असतो, रथ ओढणाऱ्या दोरीवाल्यांना दिसत नाही. दिसतो फक्त मावशींना. त्या दोरीच्या पुढे, रथाकडे तोंड करून उलट्या चालतात. तळवा उघडा आणि स्थिर, म्हणजे थांबा. बोटं हलवली, म्हणजे ओढा.

गेल्या वर्षी रथाच्या थोडं आधी माझ्या मुलाच्या शर्टाच्या बाहीवर एकाऐवजी दोन घड्या उमटून आल्या.

"मावशी, ही कसली इस्त्री?"

"फॅशन आहे. तुमच्या काळात नव्हती."

मी हसले, पण त्या इस्त्री स्टँडवर ठेवायला गेल्या, तेव्हा ती दोनदा चुकून बाजूला टेकली. त्यांचा उजवा हात थरथरत होता. मी डॉक्टरांचं नाव काढलं.

"दाखवलं. ते म्हणतात, आता ही थरथर राहणार."

मागे कपड्यांची गाठोडी सोडत बसलेली सून म्हणाली, "आई, मग यंदा मी चालू का पुढे?"

"तू? तुझ्या हातातून आधी मोबाइल सुटू दे."

"तुमच्या हातातून तर कपही सुटतो."

"जुना होता तो."

सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि गाठोडं उचललं. ती आत गेल्यावर मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "वर्षभर मी लोकांच्या कपड्यांत असते. त्या दिवशी अख्खा रस्ता माझ्या हाताकडे बघतो. एवढं एक वर्ष करू दे." त्यांच्याच पोराचा हात चाकाखाली असतो हे त्यांना मी सांगायचं होतं का? शर्ट घेऊन मी जिना चढले, पण डोळ्यांपुढे ते चाकच होतं.

रथ आला तेव्हा ऊन कलत होतं. मी गच्चीत होते. रंगाऱ्याच्या घरापाशी मावशींनी हात वर केला आणि रस्ता निजला. पाकळ्या तरंगत होत्या. ढोलवाले काठ्या पाठीशी धरून, लहान मुलांसारखे चवड्यांवर चालत होते. त्या शांततेत माझी भीतीही कुठेतरी विरघळत चालली होती. सगळं नीट होईल असं वाटावं, अशीच ती वेळ असते.

वळणावर रथ थांबवला. पाचर फिरवायला मुलानं चाकाखाली हात घातला. मावशींनी तळवा उघडा धरला. थांबा.

पण तळवा स्थिर राहीना. बोटं थरथरू लागली. दोरीवाल्यांनी ती बोटं पाहिली आणि त्यांना वाटलं, ओढा. दोरी ताणली गेली.

"बोकोबा! हात काढ!"

एवढा मोठा आवाज मावशींच्या अंगात असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मुलगा मागे कोसळला, पाचरीचा चुरा झाला, रथ एक हिसका देऊन थांबला. एक तान्हं रडायला लागलं. आणि सगळ्या रस्त्यानं वर देवीकडे पाहिलं.

मावशींनी दोन्ही हात पदरात लपवले होते. मुलगा बोटं पुन्हा पुन्हा मिटून उघडून बघत होता, सगळी जागेवर आहेत ना म्हणून.

रथावरच्या पुजारीबुवांनी वाकून देवीच्या तोंडाशी कान नेला. हिसक्यानं तिचा हार डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला होता. त्यांनी हाराकडे पाहिलं. मग कुजबुजले, "झोपलीच आहे. नुसती कूस बदलली."

ते शब्द माणसामाणसातून मागे पसरत गेले. कूस बदलली. कूस बदलली.

मावशींनी सुनेला गर्दीतून ओढून पुढे आणलं, तिचं मनगट धरून हात वर केला आणि स्वतः बाजूच्या पायरीवर जाऊन बसल्या. सुनेच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात हलला नाही.

वर्षभर मावशी या विषयावर बोलल्या नाहीत. बोलला तो मुलगा. "वाचवलंस ते ठीक आहे गं आई, पण लहानपणीचं ते बोकोबा, चारचौघांत? गॅरेजमध्ये सगळे म्याऊ म्याऊ करतात!"

यंदा वळणावर रथ थांबला, तेव्हा बुवांनी देवीचा हार आपणहून दुसऱ्या खांद्यावर केला. खाली मुलं एकमेकांना सांगत होती, देवी इथे कूस बदलते, पहिल्यापासूनच बदलते. माझी धाकटी तर विचारत होती, "बोकोबा कोणता देव गं?"

सून हात स्थिर धरून उभी होती. दोरीवाले तिच्याकडे नाही, पायरीवर बसलेल्या मावशींकडे बघत होते. मावशींच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. लाजल्या, इकडेतिकडे पाहिलं, मग झोपलेल्याला जाग येणार नाही अशा आवाजात त्यांनी हाक मारली,

"बोकोबा?"

चाकाआडून वैतागलेला, जाडाभरडा आवाज आला, "ओ."

मग सुनेनं बोटं हलवली.