सासूबाईंच्या ताटातली पाच संत्री

आधी तो चहा खाली ठेवा, हसताना सांडेल. असा मूर्खपणा केलाय मी, की बायको अजून तो पाहुण्यांना फराळाबरोबर वाढते!

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. मी पांढुर्ण्याचा, कापडदुकानातला माणूस. सासर रामाकोन्याचं, संत्र्याच्या बागेचं. सासूबाई मला मोहगावच्या फळं-भाज्यांच्या मेळ्यात घेऊन गेल्या. बागेत राबायच्या त्या, पण दरवर्षी तिथल्या स्पर्धेत नाव सासऱ्यांचं. यंदा पहिल्यांदाच त्या स्वतःच्या नावानं संत्री ठेवणार होत्या. हे अख्ख्या रामाकोन्याला माहीत होतं. मला सोडून!

मंडपात काय एकेक नग! माणसाएवढा दुधी. सोंड फुटलेलं वांगं, त्याला कोणीतरी कुंकूही लावलेलं! पाहून पाहून थकलो आणि एका खुर्चीत टेकलो. सासूबाईंनी माझ्यासमोरच्या टेबलावर ताट ठेवलं, पदरानं पुसून पुसून त्यात पाच संत्री मांडली.

"बसा जावईबापू, मी आलीच," म्हणाल्या आणि नंबराची चिठ्ठी आणायला गेल्या.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे सासूनं जावयापुढं ताट ठेवलं, तर जावई काय करतो? खातो! आणि उरवलं, तर सासूच्या जिवाला लागतं. तिसऱ्या संत्र्यातच पोट भरलं, पण मी हटलो नाही.

शेजारच्या टेबलावर आपली संत्री मांडून बसलेले काका डोळे फाडून पाहत होते. "भाऊ, हे तुम्ही खाऊन राहिले?"

"सासूबाईंनी दिलीत. घ्या ना तुम्हीपण!"

"सारेच खाता का?"

"टाकली तर त्यांना वाईट वाटेल ना हो."

काकांनी मुकाट्यानं एक फोड घेतली.

पाचवं संपवून ढेकर देतोय, तोच सासूबाई आल्या. हातात चिठ्ठी, सोबत परीक्षक.

"बाई, संत्रे कुठं हायेत?"

सासूबाईंनी सालींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले त्यांचे. माझा जीव अर्धा झाला हो! तर त्या हळूच विचारतात, "गोड होते का, जावईबापू?"

"खूप गोड," मी कसाबसा पुटपुटलो.

काका उठले. "साहेब, म्याही खाल्ली एक फोड. माह्या संत्र्याहून बाईचा माल भारी हाय!"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की मलाही जोर चढला. म्हटलं, "साहेब, संत्री माझ्या पोटात आहेत. मलाच तपासून नंबर द्या!"

परीक्षकांनी मला खालून वर न्याहाळलं. "आकार बरा हाय," ते म्हणाले, "पन माल कच्चा हाय."

आणि जावयाचा शब्द कधी खाली पडू न देणाऱ्या माझ्या सासूबाईंनी, तोंडाला पदर लावून, जोरजोरात मान डोलावली.